हृदय बंद पडलं, पण का?

हा लेख गेले दोन महिने अर्धवट पडून होता. दर शनिवारी फाइल उघडायची, दोन ओळी लिहायच्या आणि बंद करायची. विषय आवडीचा नाही, पण डोक्यातून जातही नाही. म्हणून या वीकेंडला चहाचा थर्मास भरून बसलोय. लेख लांबलाय, सांभाळून घ्या.

तर झालं असं. गेल्या वर्षी माझ्या टीममधला एक मित्र गेला. वय ३२. शनिवारी सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टवर कोसळला, तो परत उठलाच नाही. सिगारेट नाही, दारू नाही, वजन माझ्यापेक्षा दहा किलोंनी कमी. सहाच महिन्यांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत काढलेला ईसीजी 'नॉर्मल' आला होता. हॉस्पिटलच्या कागदावर लिहून आलं, 'कार्डिॲक अरेस्ट'. सोमवारी कँटीनमध्ये प्रत्येकाकडे एकेक थिअरी तयार. कोणी म्हणे स्ट्रेस, कोणी म्हणे जिम (तो जिमला जायचाच नाही!), कोणी म्हणे लस.

तेराव्याला आम्ही चौघं त्याच्या गावी गेलो, सातारा जिल्ह्यात. ओसरीवर बसलो होतो. त्याच्या आईची थोरली बहीण बोलता बोलता म्हणाली, "ह्याचा मामा बी असाच गेला बघा. पट्टीचा पवणारा. हिरीत उडी घेतली, ती वर आलाच न्हाई." शेजारचे एक आजोबा म्हणाले, "त्या हिरीत आसरा हायेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चहा प्यायलो आणि पुण्याला परत आलो.

त्या मावशींचं वाक्य मी नुसतं ऐकलं, त्याचा विचार काही केला नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी एक मुद्दा. 'कार्डिॲक अरेस्ट' हे मरणाचं कारण नव्हेच. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचं काम थांबलं, आणि ते तर प्रत्येकाचंच शेवटी थांबतं. समजा रात्री प्रॉडक्शनचा सर्व्हर पडला आणि सकाळी तुम्ही क्लायंटला रिपोर्ट पाठवला, 'सर्व्हर पडण्याचं कारण : सर्व्हर पडला', तर तुमची नोकरी किती दिवस टिकेल? गंमत म्हणजे आपल्या सरकारी कागदालाही हे माहीत आहे. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी डॉक्टर जो 'नमुना ४' भरतात, त्यावर छापलेलंच असतं की मृत्यू ज्या आजारामुळे आला तो लिहा, मरण्याची रीत लिहू नका. तरीही लिहिली जाते रीतच. घाई असते, नातेवाईक खोळंबलेले असतात, अंत्यसंस्कार उरकायचे असतात.

दुसरा गोंधळ हार्ट अटॅकचा. हार्ट अटॅक म्हणजे नळाचा प्रॉब्लेम : रक्तवाहिनी तुंबते, हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. अरेस्ट हा बहुतेक वेळा वायरिंगचा प्रॉब्लेम : विजेची लय बिघडते, खालचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जातच नाही. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, विशेषतः चाळिशीनंतर. पण पंचविशी-तिशीतला माणूस कोसळतो, पोस्ट-मॉर्टेममध्ये रक्तवाहिन्या स्वच्छ, हृदय दिसायला ठणठणीत, तेव्हा काय? वायरिंगमधला दोष मेल्यावर दिसत नाही, कारण वीजच गेलेली असते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस मेली, मेमरी पुसली गेली आणि लॉग कोणी ठेवलाच नव्हता.

असल्या बगचं कारण माणसांनी कसं शोधलं, त्याची ही गोष्ट.

लाइपझिगची मुलगी

१८५६ साली फ्रीडरिश लुडविग माइसनर या जर्मन डॉक्टरने मूकबधिरांविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यात लाइपझिगच्या एका मुलीची हकीकत आहे. मुलगी बहिरी. शाळेत तिच्या हातून काहीतरी बारीकसा गुन्हा घडला, म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं करून बोलणी बसणार होती. तेवढ्यातच ती कोसळली आणि गेली. शाळेने घाबरत घाबरत आईबापांना कळवलं, तर त्यांना फारसा धक्काच बसला नाही! त्यांची आणखी दोन मुलं अशीच गेली होती, एक जबरदस्त घाबरल्यावर आणि एक रागाच्या झटक्यात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. ईसीजी नावाची गोष्ट जन्माला यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती, जनुक हा शब्दही नव्हता. पण निदानाला लागणारा सगळा ऐवज आईबापांच्या बोलण्यात हजर होता : एकाच घरात तीन मुलं आणि तिन्ही वेळा भावनेचा झटका. फक्त त्याचं काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

यंत्र आलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नेदरलँड्समधल्या लायडनचे विलेम आइंटहोवेन यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर बनवून हृदयातली वीज कागदावर उतरवली (१९२४ चं नोबेल त्याचंच). ईसीजीवरच्या उंचवट्यांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आजही तीच आहेत. यातलं क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर आपल्या कथेची नायिका. हृदयाचे खालचे कप्पे पेटले की पुन्हा पुढच्या ठोक्यासाठी रिसेट होईपर्यंत जो वेळ लागतो तो हा क्यूटी. ठोक्याच्या वेगाचा हिशेब करून तो ढोबळमानाने ४५० मिलिसेकंदांच्या आत असावा, बायकांत थोडा जास्त चालतो.

आता नॉर्वेत चला, साल १९५७. आंतोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाबद्दल लिहिलं. सहा मुलं, त्यातली चार जन्मतः बहिरी. त्या चौघांनाही खेळताना किंवा घाबरल्यावर भोवळ यायची आणि चौघांपैकी तिघं लहानपणीच अचानक गेली. शंभर वर्षांपूर्वीचं लाइपझिगच जणू! पण यावेळी डॉक्टरांकडे ईसीजी होता आणि मुलं जिवंत असताना तो काढला गेला होता. क्यूटी भलताच लांब निघाला. म्हणजे रिसेटला उशीर. रिसेट पूर्ण व्हायच्या आत एखादा चुकार ठोका पडला की सगळी लय विस्कटते आणि हृदय थरथरायला लागतं.

पुढे १९६३ मध्ये इटलीत रोमानो यांना आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांना अशीच कुटुंबं सापडली, फक्त तिथे मुलांना ऐकू व्यवस्थित येत होतं. म्हणजे बहिरेपणा ही सोबतची खूण होती, मूळ दोष वेगळाच. त्या काळी अशा मुलांना मिरगीच्या गोळ्या चालू असायच्या, कारण भोवळ येऊन हातपाय झाडणारं मूल म्हणजे फिट्स असाच समज. ही चूक आजही होते.

विहीर, अलार्म आणि ईथरच्या माश्या

१९९१ मध्ये अमेरिकेत युटाच्या मार्क कीटिंग यांच्या गटाने हा दोष अकराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं, आणि १९९५-९६ मध्ये एकामागून एक तीन जनुकं सापडली. तिन्ही जनुकं पेशीच्या भिंतीतल्या दारांची. क्षार आत-बाहेर जाण्याची ही दारं, दोन पोटॅशियमची, एक सोडियमची. त्यातल्या एका पोटॅशियमच्या दाराचं नाव 'हर्ग'. ते आलंय फळमाशीवरून. ईथर दिल्यावर ज्या माश्यांचे पाय गो-गो डान्स केल्यासारखे थरथरत, त्यांच्या जनुकाला गमतीने 'ईथर-अ-गो-गो' म्हणत. माणसातला त्याचा भाऊबंद म्हणजे हर्ग.

बहिरेपणाचं कोडंही सुटलं. दुसरं पोटॅशियमचं दार हृदयात असतं तसंच आतल्या कानातही असतं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर कान आणि हृदय दोन्ही जातात. एकाकडूनच आली तर ऐकू नीट येतं, पण हृदयाला धोका राहतो. म्हणजे नॉर्वेच्या त्या आईबापांच्या अंगातही एकेक बिघडलेली प्रत असणार, त्यांना पत्ताही नसताना.

मला सगळ्यात हलवून गेलं ते यापुढचं. जनुकं कळल्यावर संशोधकांनी जुन्या केसेस पुन्हा चाळल्या, की कोणतं दार बिघडलं असताना माणूस नेमका केव्हा कोसळतो? २००१ मध्ये ६७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारात ६२ टक्के घटना व्यायाम करताना घडलेल्या, आणि त्यातही पोहणं हे या प्रकाराचं खास लक्षण. दुसऱ्या प्रकारात घाबरणं, दचकणं, फोनची किंवा अलार्मची घंटा. तिसऱ्यात विश्रांती आणि झोप.

पोहणं! पट्टीचा पोहणारा पाण्यात का बुडतो, याचं एक उत्तर हे आहे की तो बुडतच नाही. आधी हृदय थांबतं, मग पाणी नाकात जातं. १९९९ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मायकल ॲकरमन यांनी बुडाल्यानंतर दगावलेल्या एका तरुणीच्या जतन करून ठेवलेल्या ऊतींमधून डीएनए काढला आणि त्यात हाच दोष सापडला. मृत्यूनंतर डीएनएची तपासणी करून कारण शोधायच्या या पद्धतीला पुढे 'मॉलिक्युलर ऑटोप्सी' नाव पडलं. वीज गेलेली असली तरी सर्किटचा नकाशा प्रत्येक पेशीत शिल्लक असतो, तो वाचायचा.

आपल्याकडे किती विहिरी, किती डोह आसरांच्या नावावर आहेत? त्यातल्या बहुतेक ठिकाणी खरोखरच गाळ, भोवरा नाहीतर पोहता न येणारं पोर हेच कारण असेल. पण सगळ्याच?

झोपेत जाणारे पुरुष

आता दुसरी गोष्ट, थोडी भुताची. १९७७ नंतर अमेरिकेत आश्रयाला आलेल्या लाओस आणि आसपासच्या निर्वासितांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपायचे आणि सकाळी मेलेले सापडायचे. १९८१ पर्यंत अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राकडे ३८ जणांची नोंद झाली, त्यातले ३७ पुरुष. बरेचसे ह्मोंग जमातीचे. पोस्ट-मॉर्टेम स्वच्छ, विष नाही, काही नाही. ह्मोंग लोक म्हणाले, छातीवर बसणारं भूत आहे, परदेशात पूर्वजांचे विधी करता येत नाहीत म्हणून ते सोकावलंय. वर्तमानपत्रांतल्या या बातम्या वाचूनच दिग्दर्शक वेस क्रेव्हनला 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) या भयपटाची कल्पना सुचली.

आणि हे फक्त अमेरिकेत नव्हतं. फिलिपाइन्समध्ये याला 'बांगुंगोत' म्हणतात, जपानमध्ये 'पोक्कुरी', थायलंडमध्ये 'लाय ताय'. ईशान्य थायलंडमध्ये समज असा की विधवेचं भूत तरुण पुरुषांना न्यायला येतं, म्हणून पुरुष रात्री बायकांचे कपडे घालून झोपायचे, भुताला चकवायला. हसू नका. त्या लोकांनी डेटा अचूक टिपला होता : पुरुष, तरुण, रात्री, झोपेत. एक्सप्लनेशन चुकलं, ऑब्झर्व्हेशन नाही.

पहिला धागा मिळाला सिएटलमध्ये. तिथे रुग्णवाहिका वेळेत पोहोचून वाचवलेल्या काही निर्वासितांच्या हृदयाची लय नोंदली गेली होती. १९८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की ही व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन आहे, म्हणजे तीच थरथर. पण थरथर का?

त्याचं उत्तर दुसऱ्याच टोकाकडून येत होतं. १९८६ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त इथे पोलंडहून एका तीन वर्षांच्या मुलाला आणलं. तो वारंवार बेशुद्ध पडायचा आणि वडील त्याला शुद्धीवर आणायचे. त्याची बहीण अशीच दोन वर्षांची असताना गेली होती. बहिणीचा जुना ईसीजी मिळाला, तो मुलाच्या ईसीजीशी हुबेहूब जुळला. पुढे पेड्रो आणि जोसेप ब्रुगाडा या स्पॅनिश भावांनी असे आठ रुग्ण गोळा केले आणि १९९२ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. उजव्या बाजूच्या तीन लीड्समध्ये एक विशिष्ट उंचवटा, बाकी हृदय ठणठणीत. हाच तो ब्रुगाडा सिंड्रोम. १९९७ मध्ये थायलंडच्या नादेमनी यांनी 'लाय ताय'मधून वाचलेल्या पुरुषांचे ईसीजी काढले, तर बऱ्याच जणांत तोच उंचवटा! १९९८ मध्ये कळलं की काही ब्रुगाडा कुटुंबांत सोडियमच्या दाराचं जनुक बिघडलेलं आहे. २००२ मध्ये झोपेत गेलेल्यांच्या काही कुटुंबांतही तोच दोष मिळाला. पोलंडचं पोर आणि थायलंडचं विधवेचं भूत एकाच पत्त्यावर निघाले.

यात एक मोठी गोची आहे. ब्रुगाडाचा उंचवटा कायम दिसत नाही. आज दिसेल, उद्या गायब. ताप आला की उमटतो, ताप उतरला की जातो. म्हणून डॉक्टर आयसीयूच्या तयारीत सोडियमचं दार अडवणारं औषध देऊन तो मुद्दाम बाहेर काढतात. आपण लोड टेस्ट घेऊन बग रिप्रोड्यूस करतो, अगदी तसंच.

आणखी एक प्रकार तर त्याहून लपून बसणारा. फ्रान्सच्या फिलिप कूमेल यांनी १९७८ मध्ये काही मुलांबद्दल लिहिलं. पळताना किंवा भावना अनावर झाल्यावर ती कोसळत, पण शांत बसलेली असताना ईसीजी शंभर टक्के नॉर्मल. याला सीपीव्हीटी म्हणतात. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं, ते पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार. हा दोष ट्रेडमिलवर पळवल्याशिवाय दिसत नाही. वार्षिक तपासणीतला 'नॉर्मल' ईसीजी म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणण्यातला प्रकार. चालतंय खरं, पण कोणत्या परिस्थितीत?

कारण कळून उपयोग काय?

इथे एखादा वाचक म्हणेल, नाव काही का असेना, उपाय काय? तर नावावरच उपाय अवलंबून आहे. लांब क्यूटीच्या पहिल्या प्रकारात बीटा-ब्लॉकरच्या साध्या, स्वस्त गोळ्या उत्तम काम करतात. ब्रुगाडात त्या उपयोगी पडत नाहीत. थायलंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'लाय ताय'मधून वाचलेल्यांपैकी काहींना बीटा-ब्लॉकर दिले, काहींच्या छातीत डिफिब्रिलेटर बसवला. डिफिब्रिलेटरवाल्यांत एकही मृत्यू झाला नाही, गोळ्यांच्या गटात झाले, आणि चाचणी लवकर थांबवावी लागली. फ्लेकेनाइड हे औषध सीपीव्हीटीत जीव वाचवतं, पण ब्रुगाडाच्या माणसाला तेच धोक्याचं. म्हणजे चुकीच्या बगवर चुकीचा पॅच लावला तर सिस्टिम आहे त्याहून बिघडते.

कधी कधी तर कारण बाहेरून येतं. १९८५ मध्ये अमेरिकेत ॲलर्जीची टर्फेनाडिन नावाची गोळी आली. झोप न आणणारी, म्हणून लोकप्रिय. १९९० मध्ये एका बाईच्या हृदयाची लय या गोळीमुळे बिघडल्याचं प्रसिद्ध झालं, ती सोबत बुरशीवरचं केटोकोनॅझोल घेत होती. यकृत एरवी टर्फेनाडिनचं लगेच दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं. केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन ते काम अडवतात, मग मूळ गोळी रक्तात साचते आणि हर्गचं दार बंद करते. निरोगी माणसातही क्यूटी लांबतो. १९९८ मध्ये ती गोळी अमेरिकेच्या बाजारातून गेली. यकृत तिच्यापासून जो पदार्थ बनवतं, तो म्हणजे फेक्सोफेनाडिन, सर्दीला आपण घेतो तो. त्याचा हर्गला त्रास नाही. २००५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच आहेत की नवं औषध हर्ग आणि क्यूटीच्या चाचणीतून गेलं पाहिजे. एका बगमधून सगळ्या औषध उद्योगाला रिग्रेशन टेस्ट मिळाली.

'अनएक्सप्लेन्ड' म्हणजे 'शोधलं नाही'?

या सगळ्या तुकड्यांना एकत्र आणणारं काम कॅनडात झालं. अँड्र्यू क्रॅन आणि सहकाऱ्यांनी अरेस्टमधून वाचलेले असे लोक घेतले की ज्यांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ, हृदयाचं पंपिंग उत्तम आणि नेहमीच्या तपासण्यांत काहीच सापडलेलं नव्हतं. मग एक ठरलेली यादी पाळली : पुन्हा पुन्हा ईसीजी, ट्रेडमिल, एमआरआय, ॲड्रेनालिनचं ड्रिप, सोडियमचं दार अडवणारं औषध, आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी. २००९ मध्ये निकाल आला. ६३ पैकी ३५ जणांत, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांत, कारण सापडलं. ८ जणांना लांब क्यूटी, ८ जणांना सीपीव्हीटी, ३ जणांना ब्रुगाडा, कोणाला हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या स्नायूचा आजार, कोणाच्या रक्तवाहिनीला पेटके.

राहिलेल्या २८ जणांचं कारण तेव्हा सापडलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेलेल्यांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१० ते २०१२ या काळात ३५ वर्षांपर्यंतच्या ४९० अचानक मृत्यूंचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. ४० टक्के मृत्यू पोस्ट-मॉर्टेमनंतरही अनुत्तरित. त्यातल्या ११३ जणांची जनुकीय तपासणी केली, तर २७ टक्क्यांत अर्थपूर्ण दोष सापडला. म्हणजे चारातला एक. बाकीचे तीन अजूनही अंधारातच.

आपल्याकडे कोविडनंतर अशा मृत्यूंची चर्चा फार झाली. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातले ७२९ अचानक मृत्यू घेऊन २,९१६ जिवंत माणसांशी त्यांची तुलना केली. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत होत्या कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, आदल्या ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान किंवा अति व्यायाम, नशेचे पदार्थ, आणि घराण्यात आधी झालेला अचानक मृत्यू.

कँटीनमधल्या आमच्या सगळ्या थिअऱ्यांत ही शेवटची गोष्ट कोणाच्याच तोंडी नव्हती. ती आली होती फक्त त्या मावशींच्या.

मावशींचं वाक्य

गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांची ही गोष्ट वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. यंत्रं सुधारली, जनुकं सापडली, पण पहिला धागा जवळपास दरवेळी घरातून आला. लाइपझिगचे आईबाप, नॉर्वेतली भावंडं, पोलंडच्या मुलाची बहीण. 'आमच्याकडे आधी असंच एक जण गेलंय' हे वाक्य म्हणजे अख्ख्या केसचा सर्वात जुना लॉग. तो लॉग आपण आसरा, करणी, नशीब या फोल्डरमध्ये टाकून देतो. शहरातले लोक तो स्ट्रेसच्या फोल्डरमध्ये टाकतात, फरक एवढाच.

माझ्या मित्राचं काय झालं ते आता कधीच कळणार नाही. पोस्ट-मॉर्टेम झालं नाही, रक्ताचा नमुना ठेवावा असं कोणी सुचवलं नाही, त्याच दिवशी संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले. मी डॉक्टर नाही. मामा विहिरीत आणि भाचा बॅडमिंटन कोर्टवर, यातून मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही. पण हे दोष बरेचदा पन्नास-पन्नास टक्के शक्यतेने पुढच्या पिढीत उतरतात, आणि माझ्या मित्राला एक थोरली बहीण आहे. नाशिकला असते. दोन मुलं.

तिला फोन करायला मला तीन आठवडे लागले. काय बोलायचं? जखमेवरची खपली काढायची? शेवटी एका रविवारी केला. मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, शाळेत असताना शंभर मीटरला मी दोनदा चक्कर येऊन पडले होते. आई म्हणायची, उपाशी पळतेस म्हणून."

ती डॉक्टरांकडे गेली. साधा ईसीजी नॉर्मल. ट्रेडमिलवर त्यांना काहीतरी खटकलं, पुढच्या तपासण्या चालू आहेत, मुलांच्याही होतील. ती तिच्या घरची गोष्ट आहे, म्हणून याहून जास्त इथे लिहीत नाही.

तुमच्यासाठी एवढंच. पळताना, पोहताना, घाबरल्यावर किंवा अलार्मच्या आवाजाने कोणी बेशुद्ध पडत असेल, फिट्सच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, किंवा घरात चाळिशीच्या आतलं कोणी अचानक गेलं असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका. आणि कोणावर दुर्दैवाने तशी वेळ आलीच, तर पोस्ट-मॉर्टेमला नाही म्हणू नका आणि रक्ताचा नमुना राखून ठेवता येईल का ते विचारा. गेलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. त्याच्या भावंडांना असतो.

पुढच्या वेळी तेराव्याला कोणी म्हातारी माणसं जुनं काही सांगत असतील, तर चहाचा कप खाली ठेवून ऐका. मी ठेवला नव्हता.